विहीणबाईंच्या माहेरचा सातबारा

माझ्या लेकीचं सासर बोस्टनचं. विहीणबाई तिथेच जन्मल्या, तिथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, पण ‘आम्ही आयरिश’ हे पालुपद कायम तोंडी. लग्नाच्या वेळी मी सहज विचारलं होतं, आयर्लंडमधलं गाव कोणतं तुमचं? त्या म्हणाल्या, मेयो. नंतर कळलं की मेयो हा जिल्हा आहे. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी. नुसता जिल्हा सांगून कुणी समोर उभं राहिलं की आमच्या तोंडून पुढचे प्रश्न आपोआप निघतात : तालुका कोणता? गाव? गट नंबर? विहीणबाईंकडे यातलं काही नव्हतं. त्यांच्या वडिलांकडेही नव्हतं.

शेवटी जावयानं मनावर घेतलं आणि आईबरोबर सासूचंही तिकीट काढलं. लेकीला रजा मिळेना. म्हणजे गाडीत पुढे एकटा जावई आणि मागे दोघी विहिणी. माझी बहीण म्हणाली, दुसऱ्याच्या वंशावळीत तुझं काय काम गं? मला मात्र तिकडची जुनी दप्तरं बघायची फार हौस होती.

निघण्याआधी

आयर्लंडमधला शोध बाहेरच्या देशातून सुरू करावा लागतो. अमेरिकेला गेलेल्या जहाजांच्या जुन्या याद्यांत मूळ ठिकाणाच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं ‘आयर्लंड’ असतं. गाव सापडलं तर आडवाटेच्या कागदांत सापडतं : चर्चमधली लग्नाची नोंद, वर्तमानपत्रातला मृत्युलेख, थडग्यावरचा मजकूर. बोस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत. अमक्या गावचा माझा भाऊ अमक्या बंदरात उतरला, कुणी पाहिला का, अशा. बोस्टन कॉलेजनं त्या इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. आम्हाला तिथे काही मिळालं नाही. मिळालं ते दफनभूमीत. विहीणबाईंच्या पणजोबांच्या दगडावरचं शेवाळ ओल्या ब्रशनं काढल्यावर खाली अक्षरं निघाली : काउंटी मेयो, किलगीवर पॅरिश.

पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा मुलूख, कळल्यावर पुढचं काम घरबसल्या झालं. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं कॅथलिक चर्चच्या जुन्या नोंदवह्या २०१५ मध्ये इंटरनेटवर टाकल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. त्यात पणजोबांचा १८६० चा बाप्तिस्मा मिळाला. बापाचं नाव पॅट्रिक, आईचं ब्रिजेट, दोन्ही लॅटिनमध्ये लिहिलेली, आणि समोर टाउनलँडचं नाव. टाउनलँड म्हणजे तिथला सगळ्यात लहान महसुली तुकडा, आपल्या वाडीएवढा. देशभरात असे साठ हजारांवर आहेत. विहीणबाईंना गाव मिळालं आणि मला जीव.

आडनाव आणि टाउनलँड इथे लिहीत नाही. त्या घरात माणसं राहतात. आणि ते आडनाव मेयोत इतकं पसरलंय की लिहूनही काही कळणार नाही.

सोमवार, डब्लिन

जून महिना, अंगावर स्वेटर आणि डोक्यावर भुरभुर पाऊस. लिफी नदीच्या काठी फोर कोर्ट्सची घुमटाची इमारत आहे. विहीणबाईंना आधी तिथेच जायचं होतं, म्हणाल्या, आमचा घोटाळा इथे झाला. न्यायालयांच्या मागेच सरकारी अभिलेखागार होतं. १९२२ च्या जूनअखेर यादवी युद्धाची सुरुवात याच इमारतीवरच्या तोफमाऱ्यानं झाली आणि ३० जूनला स्फोट होऊन दप्तर पेटलं. शतकानुशतकांचे कागद गेले. जळक्या कागदांचे कपटे शहरभर उडत होते म्हणतात.

जनगणनेचा हिशोब मी वहीत मांडला. १८२१, ३१, ४१ आणि ५१ चे तक्ते, थोडेफार तुकडे सोडले तर, या आगीत गेले. १८६१ आणि ७१ चे सरकारनं स्वतःच नष्ट केले होते. १८८१ आणि ९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं म्हणून मोजणीच झाली नाही. अख्खे उरले ते १९०१ आणि १९११ चे. आगीला नावं ठेवायची सोय आहे, पण निम्मं काम सरकारी हुकमानं झालंय. अभिलेख कक्षात उंदीर आणि वाळवी यांच्याशी भांडण्यात माझं आयुष्य गेलं, तरी हे वाचून पोटात कालवलं.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून. बिगर-कॅथलिक लग्नांची तेवढी १८४५ पासून. कॅथलिक वह्या फोर कोर्ट्समध्ये नव्हत्याच, त्या चर्चमध्ये राहिल्या म्हणून वाचल्या. पण पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये त्या मुळात उशिरा सुरू झालेल्या. आमच्या पॅरिशची वही सुरू होते ती १८४० च्या दशकातला बटाट्याचा मोठा दुष्काळ ओसरत असताना. त्यामुळे पणजोबा सापडले, पण त्यांचे वडील पॅट्रिक, जन्म अंदाजे १८३१, हे कुणाचे कोण, याला कागद नाही. इथेच बहुतेकांचा शोध थांबतो.

दुपारी बिशप स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलो. १९०१ च्या तक्त्यात म्हातारा पॅट्रिक विधुर, मुलाच्या घरात. घर दोन खोल्यांचं. दर्शनी खिडक्या किती हेही लिहिलेलं, कारण घराची प्रत त्यावरून ठरायची. याच घरात पॅट्रिकची बिनलग्नाची बहीण मेरी, वय ५०. पुढचा तक्ता उघडला, १९११ चा. मेरी, वय ६९. दहा वर्षांत बाई एकोणीस वर्षांनी म्हातारी झाली! मी चष्मा पुसला. काउंटरवरचा तरुण हसून म्हणाला, पेन्शन.

सत्तरी ओलांडलेल्यांना म्हातारपणाचं पेन्शन १९०९ च्या जानेवारीपासून मिळू लागलं. जन्मदाखले १८६४ नंतरचे, आणि पेन्शन मागणारे सगळे त्याआधीचे. मग वयाचा पुरावा काय? तर १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत अर्जदार लहान मूल म्हणून सापडतो का, ते डब्लिनचा कारकून शोधून द्यायचा. ते मूळ तक्ते नंतर जळाले. शोधाचे अर्ज मात्र राहिले, आणि कारकुनानं मूळ तक्त्यातून उतरवून घेतलेल्या दोन-तीन ओळी त्यावर तशाच आहेत.

मेरीचा अर्ज निघाला. वडील मायकेल, आई ऑनोरा, टाउनलँड आमचंच. खाली तिरक्या अक्षरात शेरा : १८५१ मध्ये मेरी, वय ९; आईवडिलांचं लग्न १८२९. म्हणजे १९११ चं वय खरं आणि १९०१ चंच खोटं. जळून गेलेल्या जनगणनेतली एक ओळ अशी पडद्यावर समोर आली तेव्हा विहीणबाईंना बोलवेना. पॅट्रिक मेरीचा भाऊ, तेव्हा त्याचे आईबापही हेच असणार. अर्थात ‘असणार’ हा पुरावा नाही. मेरी सावत्र किंवा चुलत असू शकते; तिकडेही चुलत बहिणीला बहीण म्हणणारी घरं असतीलच की.

जाणाऱ्यांसाठी : १९०१ आणि १९११ चे तक्ते, पेन्शनचे हे अर्ज, आणि शंभर वर्षांपेक्षा जुने जन्मदाखले इंटरनेटवर फुकट बघता येतात, पैसे भरायची घाई करू नका. आपला माणूस परदेशी गेला असेल तर त्याचा अर्ज नसणारच. मागे राहिलेली बहीण, भावजय, चुलता शोधा. अभिलेखागारात वाचकपत्र करावं लागतं, फोटोचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ असू द्या. शनिवार-रविवार डब्लिनमध्ये घालवू नका, अभिलेखागार बंद असतं.

मंगळवार, पुन्हा डब्लिन

आजचा दिवस माझा होता. किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वंशावळीचा मोफत सल्ला मिळतो. तिथल्या बाईंनी पॅट्रिकचं नाव ऐकून सरळ ‘ग्रिफिथ’ काढलं. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात सगळ्या आयर्लंडची कर-आकारणी झाली. कुळाचं नाव, जमीन कुणाकडून धरली त्याचं नाव, घर-जमिनीचं वर्णन, क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये, आकार पौंड-शिलिंगमध्ये. रकाने बघून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की बोट आपसूक शेवटच्या रकान्याकडे गेलं. जनगणनेचे तक्ते न उरलेल्या त्या काळात घरोघरच्या कर्त्या माणसांची हीच काय ती यादी. मालकाच्या रकान्यात ओळीनं ‘मार्क्वेस ऑफ स्लायगो’. वेस्टपोर्टचे ते जमीनदार.

आमच्या टाउनलँडमध्ये त्याच आडनावाचे दोन पॅट्रिक निघाले. एकाच्या नावापुढे कंसात ‘लाल’, दुसऱ्याच्या कंसात ‘मायकेल’. जावई म्हणाला, हे मधलं नाव असेल. मी म्हटलं, बाबा रे, एका गावात एकाच नावाचे दोन खातेदार असले की तलाठी काय करतो? बापाचं नाव लावतो, नाहीतर गावात जे म्हणतात ते लावतो. सल्लागार बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, बरोबर, आकारणीवाल्यांनी तेच केलंय. लाल म्हणजे लाल केसांचा. आणि मायकेल हा बाप.

म्हणजे १८५० च्या दशकात मेयोच्या आकारणीत ‘मायकेलचा पॅट्रिक’ त्याच गावात, ज्या गावात मेरीचा बापही मायकेल. आता दोन कागद एकमेकांना दुजोरा देत होते. मग त्यांनी त्याच्याही आधीची टाइथची वही दाखवली. टाइथ म्हणजे चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चसाठी शेतीवर बसवलेली पट्टी, कॅथलिक कुळांनाही द्यावी लागणारी. या पट्टीच्या वह्या १८२३ ते १८३७ च्या दरम्यान झाल्या. तिथे आमच्या टाउनलँडखाली फक्त एक ओळ : मायकेल आणि मंडळी. बाकीची नावंच नाहीत! जमीन सामाईक होती, पट्ट्या विखुरलेल्या, सगळ्यांच्या वतीनं एकाचं नाव लावून लिहिणारा मोकळा झाला. एकाच नावावर वीस जणांची वहिवाट मी कमी वेळा पाहिली नाहीये. हा मायकेल आपलाच की दुसरा, हे त्या ओळीवरून ठरत नाही, आणि ते ठरवायचा हट्ट मी विहीणबाईंना करू दिला नाही.

दुपारी रद्द-नोंदींची पुस्तकं. पत्र लिहून आधी वेळ घेतली होती, तुम्हीही घ्या. ग्रिफिथच्या आकारणीनंतर दर थोड्या वर्षांनी माणूस गावात जाऊन बदल टिपायचा. जुनं नाव खोडायचं, वर नवं लिहायचं, शेजारी साल टाकायचं. प्रत्येक फेरीची शाई वेगळ्या रंगाची. म्हणजे सरळ फेरफार. लाल शाईत पॅट्रिक गेला आणि जॉन आला, निळ्यात क्षेत्र बदललं, हिरव्यात आणखी कुणी. खोडण्याच्या सालाजवळ मृत्यूची नोंद शोधायची, बहुतेकदा मिळते. पुढे तीन अक्षरांचा शिक्का होता, एल. ए. पी. जमीन कायद्याखाली खरेदी. कुळं मालक झाली त्याची ती खूण. आपल्याकडे कूळकायद्यानं झालं ते तिकडे बरंच आधी, आणि सरकारनं कर्ज देऊन, जमीनदाराला दाम मोजून झालं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या शेताच्या विसाव्या शतकातल्या नावापर्यंत आलो होतो. जावई म्हणाला, आई, तुम्ही निवृत्त व्हायला नको होतं.

बुधवार, वेस्टपोर्ट

ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टची गाडी, सव्वातीन तासांच्या आसपास. अथलोनला शॅनन नदी ओलांडली की कुंपणाच्या जागी दगडी गडगे सुरू होतात आणि हिरवा रंग जरा काळसर होतो. वेस्टपोर्टला भाड्याची गाडी घेतली. गाडी डाव्या बाजूनं चालते, त्यामुळे अमेरिकन जावयापेक्षा मीच निवांत होते.

मुक्काम एका घरगुती बी अँड बीमध्ये. घरमालकीण सत्तरीची, बोलायला मोकळी. भारतातून म्हटल्यावर कुठून, महाराष्ट्र म्हटल्यावर लगेच ‘वराडकर!’ लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, आयर्लंडचे पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरअखेर ते तिथे येऊन गेले, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या आधीचे पंतप्रधान एंडा केनी मेयोचेच. ती म्हणाली, आधी आमचा होता, मग तुमचा आला. विहीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पिढ्यानपिढ्या आयरिश त्या, आणि पाहुणचार माझा.

रात्री माशांचं चाउडर घेतलं. दाट पांढरं सार, त्यात सामन, शिंपले आणि अर्थात बटाटे, बरोबर खायचा सोडा घालून भाजलेला तपकिरी पाव आणि खारं लोणी. मी पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली. चाउडरला ती शोभते, हे घरमालकिणीनंही कबूल केलं. चहा मात्र चटणीशिवायही उत्तम. कडक, दूध घातलेला, आणि नको म्हटलं तरी पुन्हा विचारणारा. दहा वाजून गेले तरी खिडकीबाहेर उजेड होता.

गुरुवार, टाउनलँड

लुईसबर्ग हे छोटं बाजाराचं गाव. तिथून समुद्राकडे एक अरुंद रस्ता जातो, मधोमध गवत उगवलेला. जावयानं फोनवर दुष्काळाआधीचा, मैलाला सहा इंच प्रमाणाचा नकाशा उघडला होता. हे जुने सर्वेक्षणाचे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात, तेही फुकट. जुन्या नकाशात घरांचा एक पुंजका दिसत होता, आजच्या नकाशात तिथे काही नाही.

रद्द-नोंदींच्या पुस्तकातल्या शेवटच्या नावाचं घर रस्त्यालगत होतं. पंच्याहत्तरीतले गृहस्थ, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, सोबत कुत्रं. विहीणबाईंनी पाठ केलेलं वाक्य म्हणायला सुरुवात केली, पण त्यांनी अर्ध्यातच दार उघडलं. आत चला, चहा ठेवतो. दरवर्षी दोन-तीन अमेरिकन येतात म्हणे, बहुतेक चुकीच्या गावात.

स्वयंपाकघराच्या टेबलावर मी कागद पसरले. ग्रिफिथच्या नकाशावर मायकेलच्या पॅट्रिकचं घर ५ ब, आणि हे आपण बसलोय ते घर नकाशात कुठेच नाही. गृहस्थ म्हणाले, कसं असेल? हे घर बोर्डानं नंतर बांधलं. मग उलगडा झाला. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या कन्जेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डानं पश्चिमेकडच्या जमीनदारांच्या इस्टेटी विकत घेतल्या, विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून सलग शेतं आखली आणि लोकांना नव्या जागी बसवलं. आपल्याकडची एकत्रीकरण योजनाच की! गट नंबरवरून जुनी जागा कधीच सापडत नाही, जुना सर्व्हे नंबर काढावा लागतो, हे मी किती खातेदारांना सांगितलं असेल. विहीणबाईंना म्हटलं, पॅट्रिकचं घर खाली नाही. वर चला.

गृहस्थ काठी घेऊन पुढे. मेंढ्यांच्या कुरणातून चढ, पायाखाली दलदल, आणि वाऱ्याचा जोर असा की बोललेलं मागच्याला ऐकू येत नाही. डोंगरउतारावर समांतर वरंबे दिसतात, हातभर रुंद, गवतानं झाकलेले. बटाट्याचे वाफे. शेवटचं पीक काढून दीडशे वर्षं होऊन गेली असतील, वरंबे तसेच. त्यांच्या वर घरांचा पुंजका, म्हणजे कमरेएवढ्या भिंती. एका घराची चुलीकडची भिंत जरा उंच राहिलेली. चूल होती त्या दगडाच्या शेजारी भिंतीत एक चौकोनी कोनाडा, आत पाण्यानं गुळगुळीत झालेला सपाट दगड. मीठ आणि काडेपेटी कोरडी राहावी म्हणून चुलीजवळ असा कोनाडा ठेवायचे, गृहस्थ म्हणाले. विहीणबाईंनी त्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला.

हेच ५ ब का? नकाशाप्रमाणे हे नाहीतर शेजारचं. शिवार मोजायला टेप नव्हता, आणि असता तरी खुणेचा दगड कुठला धरायचा हा प्रश्न होताच.

खाली आल्यावर हॅमची सँडविचेस आणि चहा तयार होता. मी हॅम खात नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्यापुढे उकडलेले बटाटे आणि लोण्याचा अख्खा डबा ठेवला. बटाट्याला इतकी चव असते हे मला ठाऊक नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी : रबरी बूट न्या, नसतील तर तिथेच घ्या. कुरणाचं फाटक जसं होतं तसंच लावा. खाजगी जमीन असते, आधी घरी विचारा. नाही कुणी म्हणत नाही. आणि नेलेल्या कागदांची एक जादा प्रत त्यांच्यासाठी ठेवून या. त्यांच्याकडेही ते नसतात.

शुक्रवार, डूलॉख

लुईसबर्गहून दक्षिणेला डूलॉख तलावाची दरी आहे. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मधे काळं पाणी, घर एकही नाही. १८४९ च्या मार्चअखेर लुईसबर्गमध्ये मदतीसाठी जमलेल्या शेकडो भुकेल्या माणसांना सांगण्यात आलं, तपासणीसाठी डेल्फीच्या लॉजवर हजर व्हा. सुमारे १९ किलोमीटर, उपाशी, थंडीत. तिथून रिकाम्या हातानं परत पाठवलं. वाटेत माणसं पडली. किती, यावर आजही वाद आहे. रस्त्याकडेला साधा दगडी क्रूस आहे. त्यावर गांधीजींचं वचन कोरलेलं दिसलं आणि मी गाडीतून उतरून पावसात ते दोनदा वाचलं.

त्या काळच्या मदतीच्या कायद्यात १८४७ पासून एक कलम होतं : पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. धान्य हवं तर जमीन सोडा. टाइथच्या वहीत असलेली नावं ग्रिफिथमध्ये का दिसत नाहीत, त्याचं एक उत्तर या कलमात आहे. आमच्या पॅट्रिकच्या नावे ग्रिफिथमध्ये फक्त घर आणि चिमूटभर बाग आहे. बापाच्या वाट्याची जमीन कुठे गेली? विहीणबाई मला विचारत होत्या. मी कलम वाचून दाखवलं. परतीच्या रस्त्यावर गाडीत कुणी फार बोललं नाही. मरिस्कला, क्रो पॅट्रिक डोंगराच्या पायथ्याशी, शिडांच्या जागी सांगाडे असलेलं ब्राँझचं जहाज आहे, १९९७ मध्ये उभारलेलं राष्ट्रीय दुष्काळ स्मारक. तिथे थांबलो, पण धुक्यात डोंगर दिसलाच नाही.

शनिवार, किलगीवर आणि पब

किलगीवरची पडकी जुनी चर्च आणि पवित्र विहीर लुईसबर्गच्या जवळच. दफनभूमी मोठी, आडनाव पावलोपावली, पण सगळे दगड अलीकडचे. गरिबांची थडगी म्हणजे शेतातला एखादा उभा दगड, त्यावर अक्षर नाही. दोन तास फिरून हाती काही लागलं नाही. म्हणून सांगते, दफनभूमीत फार वेळ मोडू नका. शेताचा कागद जास्त बोलतो.

संध्याकाळी पबमध्ये परवाचे गृहस्थ भेटले. त्यांनी कागद शेजाऱ्याला दाखवले आणि वादाला तोंड फुटलं. शेजारी म्हणाला, तू कसला मायकेलवाला? तुझा आजा लाल केसांचा होता, तुम्ही लालवाले. गृहस्थ म्हणाले, आजा आईकडून लाल. तिसरा एक जण म्हणाला, मायकेलवाले सगळे बोस्टनलाच गेले, मागे कुणी राहिलंच नाही. माझ्या फेरफाराच्या ओळी मी पुन्हा तपासल्या. पॅट्रिकनंतरचा जॉन हा कंसाशिवाय लिहिलेला आहे. म्हणजे तो या पॅट्रिकचा मुलगा की त्या पॅट्रिकचा, हे १९०१ च्या तक्त्यावरून म्हणायचं. आणि तिथे लालवाल्याच्या घरातही एक जॉन आहे. वयात दोन वर्षांचा फरक, आणि वयं किती खरी ते मेरीनं दाखवलंच होतं.

विहीणबाईंनी डीएनए तपासणीचा विषय काढला. त्यांची स्वतःची झालेली आहे. गृहस्थांनी लाळेचा नमुना दिला तर निकाल लागेल. ते म्हणाले, देईन की, पण आधी सायलेज, म्हणजे मुरघासाचं गवत, कापून होऊ दे, आठवडाभर पाऊस उघडायचं नाव घेत नाहीये.

सायलेज जूनअखेर कापून झाल्याचा निरोप आला. बोस्टनहून पाठवलेलं पाकीट त्यांना पोचलंय, ते फ्रिजवर ठेवलंय, असंही कळलं. वेस्टपोर्ट इस्टेटीचं जमीनदारी दप्तर राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, त्यात खंडाच्या याद्या असणार; मायकेलच्या जमिनीचं काय झालं ते कळलं तर तिथेच कळेल. विहीणबाईंनी पुढच्या मे महिन्याची तिकिटं बघायला सुरुवात केली आहे, आणि माझं नाव यादीत दुसरं आहे.